रेडिओवाल्याच्या टेबलावर गिटार

लगीनसराई असो, गणपती-दुर्गा असोत की १४ एप्रिलच्या आसपासचे भीमगीतांचे कार्यक्रम. अमरावती-अकोल्याकडच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला ऐन वेळी दगा देणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. तार तुटते, ती बदलता येते. केबल जाते, ती उसनी मिळते. पण पिकअप सिलेक्टर रुसला की माणूस अडतो. स्विच वर असला की आवाज येतो, मधे आणला की अर्धामुर्धा येतो, खाली ओढला की गायब. मग टिचकी मारून बघायची, बोटानं एका बाजूला दाबून धरायचं, पुन्हा पुन्हा खालीवर करायचं. शेजारचा की-बोर्डवाला विचारतो, ‘काहून खरखरून राह्यलं बे हे?’ आणि उरलेला कार्यक्रम स्विच एकाच घरात ठेवून, त्याला हातही न लावता उरकला जातो.

दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो दुरुस्तीचा. गिटारचा खास कारागीर म्हटलं की मुंबई-पुण्याचं नाव निघतं. वाद्य गुंडाळून पाठवायचं, वाट पाहायची, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. आणि काम काय, तर सोल्डरचे पाच-सहा टाके. हे काम गावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतं. ज्याचा हात सोल्डरिंगवर बसलेला आहे त्याला तर घरच्या टेबलावरही जमतं. अडचण एवढीच, की रेडिओवाल्यानं कधी गिटार उघडलेली नसते आणि गिटारवाल्यानं मीटर हातात धरलेलं नसतं.

वास्तविक इलेक्ट्रिक गिटार ही रेडिओवाल्यांच्याच टेबलावर वाढलेली आहे. लिओ फेंडर या माणसानं १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ नावाचं दुरुस्तीचं दुकान काढलं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच माणसाच्या हातून पुढे टेलिकास्टर आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर या जगभर नक्कल झालेल्या गिटारी निघाल्या. त्यांच्या पोटातला माल पाहिला तर व्हॉल्यूमचे पॉट, टोनचे कपॅसिटर, निवडीचा स्विच, सगळी रेडिओच्या धंद्यातली सामग्री. सिलेक्टरसुद्धा सेंट्रलॅब या इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्या कंपनीचा, बाजारात तयार मिळणारा. तेव्हा अकोल्याच्या एखाद्या मेकॅनिकनं ‘गिटार आपला विषय नाही’ म्हणून हात झटकले, तर त्याला हा इतिहास जरूर ऐकवावा.

आता पोटात काय आहे ते पाहू. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. ही तार साधारण ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची. स्ट्रॅटोकास्टरच्या, थोडक्यात स्ट्रॅटच्या, एका पिकअपवर तिचे सुमारे ८ हजार वेढे असतात. वरची स्टीलची तार थरथरली की या वेढ्यांत क्षीण व्होल्टेज तयार होतं. साध्या गिटारीत ना बॅटरी, ना सर्किट बोर्ड. प्रत्येक पिकअपमधून मुख्यतः दोन वायरी निघतात: एक सिग्नलची, जिला सगळे हॉट म्हणतात, आणि एक ग्राउंडची. सगळ्या ग्राउंड एकत्र येऊन जॅकच्या बाहेरच्या भागाला जातात. हॉट मात्र आधी सिलेक्टरवर, तिथून व्हॉल्यूमवर आणि मग जॅकच्या आतल्या, केबलच्या टोकाला भिडणाऱ्या पट्टीवर. सिलेक्टरचं काम बडनेरा जंक्शनवरच्या सांध्यासारखं, कोणत्या फाट्यावरची गाडी मुख्य रुळावर घ्यायची एवढंच; फरक इतकाच की मधल्या घरात इथे दोन्ही गाड्या एकदम सोडता येतात.

नेक पिकअप, म्हणजे दांडीकडचा, गोल आणि भरलेला आवाज देतो. ब्रिजचा करकरीत, धारदार. ‘कर्ज’ (१९८०) मधली गोरख शर्मांनी वाजवलेली गिटारची धून आजही ऑर्केस्ट्रात हमखास फर्माइशीला येते. ती वाजवून लगेच एखाद्या गझलेच्या मागे मऊ कॉर्ड धरायच्या, तर एकाच गिटारीवर हे भागवणारा माणूस सिलेक्टरवाचून लंगडा.

स्विचवर संशय घेण्याआधी दोन निरपराध सुटले पाहिजेत. पहिली केबल, दुसरा जॅक. जॅकचा नट सैल होऊन तो आतल्या आत फिरतो, वायर पिळली जाते आणि टाका तुटतो. मोटरसायकलवर पाठीला गिटार लटकवून फिरणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. त्याआधी त्या रस्त्यावरून ज्यांनी वाद्यं नेली त्यांना सैल नट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. दुरुस्तीच्या दुकानात सर्रास दिसणारा पिवळा किंवा काळा डीटी ८३० डी असला तरी चालेल. गिटार न उघडता अर्धं निदान होतं, आणि हीच या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती आहे. केबल गिटारला लावावी, दुसरं टोक मोकळं ठेवावं, व्हॉल्यूम पूर्ण उघडावा. मीटर २० किलोओहमवर ठेवून एक काडी केबलच्या टोकाला, दुसरी त्याच्या बाहेरच्या धातूला लावावी. सिलेक्टर एका घरात ठेवला की जो आकडा येईल तो जवळपास त्या पिकअपचा रोध. साधा सिंगल कॉइल असेल तर साडेपाच ते सात किलोओहम, दोन कॉइलींचा हमबकर असेल तर सात ते नऊ, ब्रिजचा जोरकस हमबकर असेल तर त्याहून बराच जास्त.

समजा, नेकच्या घरात ७.४ आला आणि ब्रिजच्या घरात ८.२. मग मधल्या घरात किती यावा? दोन्ही समांतर जोडलेले असल्यामुळे आकडा निम्म्यावर, सुमारे ३.९ वर यायला हवा. मधल्या घरातही ७.४ च दिसत असेल, तर ब्रिज पिकअप तिथे पोचतच नाही. मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसला तर वाट तुटलेली आहे. जवळपास शून्य आला तर हॉट कुठेतरी ग्राउंडला चिकटली आहे. तिन्ही घरांत १ दिसत असेल तर सिलेक्टरला दोष देऊ नये, केबल आणि जॅक पाहावा. आणि स्विच हलवताना आकडा नाचत असेल, तर दुखणं सापडलं.

नाचणारा आकडा म्हणजे दर वेळी स्विच मेलाच असं नाही. आपल्याकडे मार्च ते जून धूळ, मग पावसाळ्यात दमट हवा. संपर्काच्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो. आधी तो साफ करून पाहावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. जाड कागदाची अरुंद पट्टी त्यात भिजवून संपर्काच्या दोन पट्ट्यांमधून हलके ओढली की कागदावर काळी रेघ उमटते. पॉलिश पेपर घासू नये. पट्ट्यांवरचा मुलामा निघून जातो आणि पुढचा गंज दुप्पट वेगानं चढतो. शिलाई मशीनचं तेल तर मुळीच नको. दोन दिवस स्विच मख्खन चालतो आणि नंतर त्या तेलावर धूळ बसून जो चिखल होतो तो निघता निघत नाही.

साफसफाईनं भागलं नाही तर बदलायचा. तारा सैल कराव्यात, गिटार मऊ कापडावर पालथी ठेवावी, मागचं झाकण काढावं. स्ट्रॅटच्या जातीची असेल तर तारा काढून पुढचा पिकगार्ड उचलावा लागतो. स्क्रू वाटीत टाकावेत, पण पिकअपजवळ ठेवू नयेत. चुंबक ते ओढून घेतो. मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढावेत. आणि फोटोवर भिस्त न ठेवता कागदावर आकृती काढावी: स्विचचे पाय जसे दिसतात तसे, प्रत्येक पायावर कोणत्या रंगाची वायर आली ते लिहून. फोटोत दोन काळ्या वायरी सारख्याच दिसतात. आकृती काढताना मात्र माणूस वायरीमागे शेवटपर्यंत जातो.

दोन पिकअपच्या गिटारीत बहुधा तीन घरांचा टॉगल असतो. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारीपासून चालत आलेली ही पद्धत. उघड्या पट्ट्यांचा मूळ टॉगल हाती घेतला तर त्याची रचना डोळ्यांना दिसते: बाहेरच्या दोन पट्ट्या दोन पिकअपच्या, आतल्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांतून आवाज बाहेर, आणि एक पाय नुसता सांगाड्याचा, म्हणजे ग्राउंडचा. मधल्या घरात दोन्ही बाजू मिटलेल्या असतात. दांडी कलली की एक बाजू उघडते. स्वस्त गिटारींत येणारा टॉगल मात्र बंद डबीचा असतो आणि त्याचे पाय एका ओळीत येतात. त्यातला कॉमन, म्हणजे आवाज बाहेर नेणारा पाय, कोणता, हे इंटरनेटवरची आकृती सांगेलच असं नाही, कारण कारखान्यागणिक क्रम बदलतो.

म्हणून आकृतीपेक्षा मीटरवर विश्वास ठेवावा. नवा स्विच जोडण्याआधीच हातात घेऊन मीटर बजरवर लावावा. दांडी एका टोकाला ठेवून पायांच्या जोड्या तपासायच्या, जिथे बीप होईल ती जोडी लिहून घ्यायची. मग दांडी दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा तेच. दोन्ही वेळा बीपमध्ये जो पाय हजर असतो तो कॉमन. ही पाच मिनिटं वाचवायला जाणारे पुढे तासभर डिसोल्डर पंप चालवताना दिसतात.

मग जोडणी उरते ती अगदी थोडी. नेकची हॉट एका बाजूच्या पायावर, ब्रिजची दुसऱ्या बाजूच्या, कॉमनवरून एक वायर व्हॉल्यूमच्या पॉटवर. पॉट दांडी आपल्याकडे आणि तीन पाय खाली असा धरला, तर नेहमीच्या जोडणीत एका टोकाच्या पायावर सिलेक्टरची वायर येते, मधल्यावरून जॅकला जाते आणि दुसऱ्या टोकाचा पाय पॉटच्या पाठीवर ग्राउंड केलेला असतो. जुनी जोडणी शाबूत असेल तर पॉटला हात लावायचं कारणच नाही. फक्त स्विचचे पाय. लेस पॉलच्या घडणीत स्विच वरच्या खांद्यावर आणि पॉट खाली असल्यानं वायर लांब जाते, तिथे साधी वायर न वापरता जाळीची, म्हणजे माइकच्या केबलमध्ये असते तशी शिल्डेड घ्यावी आणि जाळी ग्राउंडला जोडावी.

सोल्डरिंगबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण निम्मे बिघाड इथेच जन्मतात. २५ वॅटची आयर्न स्विचच्या पायांना पुरते. सोल्ड्रॉनची असो की आणखी कुठली. पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा टाका घालायचा तर ती कमी पडते, कारण तेवढा पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो; तिथे ४० ते ६० वॅटची हवी आणि पाठ आधी पॉलिश पेपरनं खरवडून घ्यावी. सोल्डर ६०-४० चं, आत राळेचा गाभा असलेलं. ते सुमारे १९० अंशांवर पूर्ण वितळतं. नळकामाची आम्लाची पेस्ट वापरू नये, ती वर्षभरात टाका खाऊन टाकते.

वायरीचं टोक आणि स्विचचा पाय, दोघांवर आधी वेगवेगळं पातळ सोल्डर चढवून घ्यायचं. मग वायर पायाला टेकवून आयर्न पायावर धरायची. दोन-तीन सेकंदांत दोन्हीकडचं सोल्डर एकमेकांत मिसळून चकाकतं. आयर्न उचलायची आणि वायर गोठेपर्यंत हलवायची नाही. टाका चमकदार आणि पसरलेला दिसला तर पक्का. राखाडी, दाणेदार, गोळ्यासारखा बसला तर मेकॅनिक मंडळी ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात तो हाच. आज चालतो आणि मांडवात बंद पडतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर असताना कूलर बंद ठेवून काम करा म्हणणं क्रूरपणाचं आहे, पण त्याचा झोत सरळ टेबलावर येऊ देऊ नये. आयर्नचं टोक थंड पडतं आणि एकामागून एक ड्राय टाके बसत जातात. खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात साबणानं धुवावेत. ६०-४० मधलं ४० म्हणजे शिसं.

पिकअपमधून निघणाऱ्या वायरी ओढू मात्र नयेत. आत ती केसाएवढी तार आहे. ती तुटली की प्रकरण स्विचचं राहत नाही, पिकअप नवा घ्यावा लागतो किंवा पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो.

स्ट्रॅटच्या जातीच्या तीन पिकअपच्या गिटारीत पात्यासारखा पाच घरांचा स्विच असतो. हा मुळात तीनच घरांचा होता. वाजवणाऱ्यांनी दांडी दोन घरांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकदम चालू करायची खोड काढली, तो किणकिणता पोकळसर आवाज लोकांना आवडला, आणि अखेर १९७७ साली फेंडर कंपनीनं पाच घरांचा स्विच बसवायला सुरुवात केली. डायर स्ट्रेट्सचं ‘सुलतान्स ऑफ स्विंग’ (१९७८) ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हा मधल्या घरांचा आवाज ओळखीचा आहे. या स्विचला आठ पाय: चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटात तीन पिकअपचे आणि एक कॉमन. एका गटावर तीन पिकअपच्या हॉट येतात आणि त्याच्या कॉमनवरून व्हॉल्यूमला वायर जाते. दुसऱ्या गटाचा कॉमन एका तुकड्यानं पहिल्या कॉमनला जोडतात आणि त्याच्या पायांवरून टोनच्या पॉटना वायरी जातात. जुन्या ठरलेल्या जोडणीत नेकला एक टोन, मधल्याला दुसरा, ब्रिजला टोनच नाही. ब्रिजचा आवाज कानात घुसतो अशी तक्रार असलेल्यांनी त्या गटातल्या ब्रिजच्या पायावरून खालच्या टोनला एक छोटी वायर टाकावी. एका टाक्याचं काम, पण अख्खी गिटार वापरात येते.

आता दुकानातल्या मालाचा प्रश्न. तीन घरांचा गिटारचा टॉगल गावात मिळेलच असं नाही. मागवून येईपर्यंत कार्यक्रम उरकायचा असेल, तर एक जुगाड आहे आणि तो नुसता जुगाड नाही, काही बाबतींत मूळ जोडणीपेक्षा सरस आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तीन पायांचा छोटा टॉगल मिळतो. त्यातला मधे थांबणारा, मधे असताना काहीच न जोडणारा, म्हणजे सेंटर-ऑफ मागावा. नेहमीच्या पद्धतीनं हा लावला तर मधल्या घरात गिटार मुकी होते. पण जोडणी उलटी करून पाहावी. नेक पिकअपची ग्राउंड ग्राउंडलाच ठेवायची. नेकची हॉट आणि ब्रिजची ग्राउंड एकत्र करून स्विचच्या मधल्या पायावर. ब्रिजची हॉट व्हॉल्यूमवर, आणि तिथूनच एक वायर स्विचच्या एका टोकाच्या पायावर. उरलेला पाय ग्राउंडला.

काय होतं ते पाहा. स्विच मधे, कुणालाच न जोडता: दोन्ही पिकअप एकापुढे एक, मालिकेत. आवाज जाड आणि मोठा. दांडी हॉटच्या बाजूला: ब्रिज पिकअपची दोन्ही टोकं एकत्र झाली, तो बाद, नेक एकटा वाजतो. दांडी ग्राउंडच्या बाजूला: नेक बाद, ब्रिज एकटा. तीन पायांत तीन आवाज! वर आणखी एक फायदा असा, की हा स्विच उद्या घाण होऊन संपर्क सोडू लागला तर गिटार बंद पडत नाही, दोन्ही पिकअप वाजत राहतात. मांडवात याची किंमत कळते. मीटरवर वरच्याच गिटारीचा आकडा मधल्या घरात आता निम्मा न येता बेरजेचा येतो, १५.६ च्या आसपास.

पण एक पथ्य आहे. ज्या पिकअपचं धातूचं झाकण किंवा बाहेरची जाळी त्याच्या ग्राउंडच्या वायरीलाच जोडलेली असते, तो वरचा, म्हणजे हॉटकडचा ठेवू नये. ते झाकण मग सिग्नलवर लटकतं आणि हात लागला की घूं करतं. असा पिकअप खाली, ग्राउंडकडे घ्यावा. दोन्ही तसेच असतील तर हा मार्ग सोडून द्यावा. शिवाय गिटारच्या टॉगलचं छिद्र साधारण १२ मिलिमीटरचं आणि या छोट्या स्विचची मान ६ ची; दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर लागतात. मान १२ ची हवी म्हणून इन्व्हर्टरच्या पॅनेलवरचा ६ अँपिअर २५० व्होल्टचा दणकट स्विच उचलण्याचा मोह होतो. तो टाळावा, मोठ्या करंटसाठी घडवलेले त्याचे संपर्क मिलिव्होल्टच्या सिग्नलवर दगा देतात.

जोडणी झाली, मीटरवर आकडे बरोबर आले, आणि तरीही दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटतो? मग दोघे एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की सुटतं. झाकणाचं पथ्य इथेही लागू. आधीच तपासायचं असेल तर मीटर २० किलोओहमवर लावून पिकअपच्या खुंट्यांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवावा आणि झटकन उचलावा. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते पाहावं. दोन्ही पिकअपची दिशा एकच हवी.

गुणगुण हा वेगळा विषय, पण तो स्विचच्या माथी मारला जातो. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या वायरिंगमधला हा ५० हर्ट्झचा घूं उचलतोच. म्हणूनच १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरनं दोन उलट्या कॉइलींचा हमबकर तयार केला. पाच घरांच्या नव्या स्ट्रॅटमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या घरात घूं कमी होतो तोही याच तत्त्वानं, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असल्यामुळे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर सगळं ठीक आहे; ब्रिजखालून ग्राउंडला गेलेली वायर आपलं काम करते आहे. हात लावल्यावर वाढली, तर जॅकवर हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल झाली आहे, झाकण पुन्हा उघडावं.

या ब्रिजच्या वायरीमुळेच एक धोका येतो आणि तो गमतीवारी नेऊ नये. तारा म्हणजे अँप्लिफायरचं ग्राउंड. मांडवातल्या जनरेटरला अर्थिंग नसेल, थ्री-पिनची मोठी पिन कुणी कापलेली असेल, तर तारांवर हात आणि माइकला ओठ म्हणजे सरळ शॉक. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी ग्राउंड न झालेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. कार्यक्रमाआधी मीटर एसी व्होल्टवर, मोठ्या रेंजवर ठेवून एक काडी तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावून पाहायला अर्धं मिनिट लागतं. काही व्होल्टच्या वर आकडा गेला तर साउंडवाल्याला आणि लाइटवाल्याला बोलवावं, अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत गिटार खाली ठेवावी. हा दोष गिटारच्या पोटात शिरून दुरुस्त होत नाही.

उरला सुट्या भागाचा विषय. मुंबईला कुणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचा माल आणि धोबीतलावच्या फुर्ताडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात गिटारचे भाग पाहता येतात. नाहीतर ऑनलाइन मागवावा. मागवण्याआधी तीन मापं घ्यावीत. पोकळीची खोली, कारण उघड्या पट्ट्यांचा मूळ टॉगल उंच असतो आणि पातळ गिटारीत तो झाकणाला टेकतो. छिद्राचा व्यास. आणि पात्याच्या स्विचच्या बाबतीत दांडीची जाडी, कारण एका घडणीची टोपी दुसरीवर सैल बसते आणि पहिल्याच गाण्यात उडून स्टेजखाली जाते. स्विचबरोबरच जॅकही एक जादा मागवावा. कपॅसिटर मागवायची गरज नाही. हमबकरला २२३ आणि सिंगल कॉइलला ४७३ असा छाप असलेले, म्हणजे ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचे पॉलिएस्टर कपॅसिटर गावातल्या कुठल्याही टीव्हीवाल्याच्या डबीत सापडतात.